केसरीनाथशेठचा नॉट

भिवंडीजवळच्या कोन गावच्या केसरीनाथशेठना 'नाही' ऐकायची सवय राहिली नव्हती. खाडीकाठच्या त्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, तसे समोरच्यांचे आवाज आपोआप खाली आले होते. त्यामुळे भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या डॉक्टर तय्यबांनी बीपीचा पट्टा दंडावरून सोडता सोडता सुके बोंबील, सुकट, लोणचं, सगळं बंद करायला सांगितलं, तेव्हा शेठना तो आजार वाटलाच नाही, अपमान वाटला. त्यांनी तिथल्या तिथे मोबाइल काढून, सुक्या बोंबलाने बीपी उतरतं असा एक मेसेज पुढे धरला.

"फॉरवर्ड नको, शेठ," डॉक्टर म्हणाल्या. "संशोधन असेल तर आणा. मी वाचेन."

शेठ ते आव्हान घेऊनच घरी आले. सून मृणाली फार्मसी कॉलेजात शिकवायची. सासऱ्यांना अभ्यासाची हौस आली म्हणून तिला बरं वाटलं. तिने त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला, पबमेड उघडलं आणि जगभरातल्या वैद्यकीय शोधनिबंधांची नोंद इथे सापडते, असं सांगितलं. शेठनी एका बोटाने मराठीत 'बोंबील' टाकलं. काहीच आलं नाही. इंग्रजीत त्याला 'बॉम्बे डक' म्हणतात हे कळल्यावर, आपल्या माशाचं बदक कोणी केलं, यावर अर्धी दुपार गेली.

मग मृणालीने त्यांना प्रश्नाचे तुकडे पाडायला शिकवलं. दोन्ही गोष्टी हव्या असतील तर मध्ये अँड, दोन्हींपैकी कुठलीही चालत असेल तर ऑर. आणि एखादी गोष्ट वगळायची असेल तर नॉट.

"पण नॉट जपून वापरा, बाबा," ती म्हणाली. "कामाचंही निघून जातं."

बाबांनी 'नॉट' तेवढं ऐकलं आणि उरलेलं वाक्य सोडून दिलं. सुकी मासळी आणि रक्तदाब शोधल्यावर नको ते निबंध ढिगाने आले. त्यांनी नॉट मीठ केलं. ढीग ओसरला. नॉट धोका, नॉट मृत्यू, नॉट पक्षाघात करत गेले, तसं विज्ञान त्यांच्या घरच्या माणसांसारखं समजूतदार होत गेलं. शेवटी एक निबंध उरला, आणि त्यात मासळीच्या प्रथिनांनी रक्तदाब उतरला होता. तो कुणाचा उतरला, हे पाहण्याइतकं पुढे शेठ गेले नाहीत. त्यांनी छापील प्रत काढली आणि त्या दिवशी सुकटीची चटणी मागून घेतली.

बातमी गावात पसरली. शेठच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं जमू लागली. कुणाला तंबाखू सोडायची नव्हती, कुणाला चालायला जायचं नव्हतं. शेठ प्रत्येकाच्या मनातलं ऐकून घ्यायचे, आड येणारे शब्द नॉट करायचे आणि त्याला हवा तो कागद हातात द्यायचे. एवढा कनवाळू वैद्य पंचक्रोशीत झाला नव्हता.

अंबाडी गावाहून त्यांची थोरली बहीण कमळ आली. तिला मधुमेहाच्या गोळ्यांचा कंटाळा आला होता. कारल्याचा रस पुरेल का, एवढंच तिने विचारलं. भावाने शोधलं, नको ते वगळलं आणि पुरेल म्हणून सांगितलं. तिने गोळ्या बंद केल्या. पुढच्याच महिन्यात ती बाजारात भोवळ येऊन पडली आणि तिला भिवंडीत आणून सलाईन लावावं लागलं.

डॉक्टर तय्यबा तिला तपासून बाहेर आल्या. गोळ्या कुणी थांबवल्या, त्यांनी विचारलं. शेठनी कारल्याचा कागद पुढे केला, पण या वेळी हात लांब गेला नाही. डॉक्टरांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"हे उंदरांवर केलंय, शेठ. तुम्ही शोधताना काय टाकलं होतं?"

शेठनी एकेक नॉट सांगितला.

"म्हणजे तुम्ही पोलिसांना म्हणालात, चोर सोडून बाकीच्यांना पकडा."

आजवर शेठना असं कुणी बोललं नव्हतं. ते बाकावर बसले. आतून बहिणीच्या कण्हण्याचा आवाज येत होता आणि त्याला वगळायची काही सोय नव्हती.

घरी येऊन ते मृणालीजवळ बसले आणि पहिल्यापासून शिकव म्हणाले. या वेळी वाक्यं पूर्ण ऐकली. माणसांवर झालेले प्रयोग वेगळे काढायला शिकले, निष्कर्षाआधी पद्धत वाचायला शिकले. आपल्या बीपीचं शोधलं, तेव्हा डॉक्टरांचंच म्हणणं पानामागून पान येत राहिलं. सुकट बंद झाली. आता ओट्यावर कुणी तंबाखूचं विचारलं की शेठ सगळे निबंध वाचून दाखवत. आठवड्याभरात ओटा रिकामा झाला. सगळ्या आजारांवर मेथीचे दाणे वाटणाऱ्या ग्रामपंचायतीच्या एका सदस्याकडे ती गर्दी जाऊ लागली.

कमळ बरी होऊन गेली. काही दिवस तिने अबोला धरला, मग एका सकाळी तिचाच फोन आला. गुडघ्याला लावायचं एक तेल बाजारात आलं होतं. घेऊ का, तिने विचारलं.

"पुरावा काय न्हाय त्याचा," शेठ म्हणाले. "डॉक्टरला इचार आधी."



"मंग तुजा उपेग काय?" कमळ म्हणाली आणि तिने फोन ठेवला.