माडीवरचा मतदार

मानवत गावातल्या घरात मागच्या खोलीत बसून मी गेली काही वर्षं अमेरिकेचं राजकारण ऐकते. हे नातेवाइकांना सांगितलं की ते हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवण्यात उमेदीची वर्षं घातली, कायम कुणी केलं नाही, शेवटी वैतागून सोडलं. आता एका कंपनीकडून आवाजाच्या फायली येतात. त्यांचं टायपिंग मशीनने आधीच केलेलं असतं. मशीनने घातलेला गोंधळ मी कानाला हेडफोन लावून निस्तरते. बाहेरून जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जायला लागल्या की त्या गोंगाटात नीट ऐकू येत नाही, काम रेंगाळतं.

मध्ये तिकडच्या एका विद्यापीठाचं काम आलं. निवडणुकांत पडद्यामागे राबणाऱ्या माणसांशी केलेल्या गप्पा होत्या, त्यात पुढारी एकही नव्हता. एक भाषणं लिहिणारा होता, त्याला सभेत मागे उभं राहून स्वतःच्याच वाक्यांवर टाळ्या वाजवाव्या लागायच्या. एक मुलगी उमेदवार येण्याआधी त्याच्या जागेवर तासभर उभी राहायची, कॅमेरावाल्यांना उजेड नीट बसवता यावा म्हणून. उमेदवार आला की तिने बाजूला व्हायचं. तिला एकदाही त्याने नाव विचारलं नव्हतं. मला यातलं कुणीच परकं वाटलं नाही. माझे वडीलही आयुष्यभर हेच करत आले होते, फक्त इकडे.

त्यातल्या एका बाईचा आवाज अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पन्नाशीची असावी. मधूनमधून खोकायची आणि दरवेळी माफी मागायची. एका लहान गावातल्या प्रचार कार्यालयात ती घरोघर जाणाऱ्यांच्या याद्या सांभाळायची. तिकडे आपल्यासारखं गळ्यात उपरणी घालून, घोषणा देत, पन्नास जण एका गल्लीत घुसत नाहीत. एकट्याने जायचं, दार वाजवायचं, यादीतल्या माणसाचं नाव घेऊन तो आहे का विचारायचं आणि त्याच्या नावापुढे खूण करायची. बाजूने, विरोधात किंवा घरी नाही. ‘घरी नाही’ अशी खूण झाली की ते दार पुढच्या शनिवारच्या यादीत आपोआप परत येतं.

एका घरचा तरुण मुलगा कधी घरी सापडतच नव्हता. दर शनिवारी कुणीतरी जायचं, आई दार उघडायची, हसून म्हणायची, आहे ना, माडीवर आहे, बोलावते. जिन्याशी जाऊन हाक मारायची. कुणी खाली यायचं नाही. झोपला असेल, म्हणायची. गेलेला माणूस मुकाट ‘घरी नाही’ लिहून पुढच्या दाराकडे वळायचा. शेवटी ही बाई स्वतः गेली. तिलाही तेच सांगितलं, तिच्यासमोरही हाक मारली. परत निघताना शेजारणीने कुंपणावरून सांगितलं की मुलगा गेल्या हिवाळ्यातच वारला.

बाईने कार्यालयात येऊन त्याच्या नावापुढे ‘मयत’ लिहिलं. दार यादीतून गेलं. दोन शनिवार झाल्यावर त्या आईचा फोन आला. आमच्याकडे आता कुणी का येत नाही?

“मी काय सांगणार होते तिला,” ती टेपवर म्हणाली. तिने खूण बदलली. पुन्हा ‘घरी नाही’ लिहिलं आणि निवडणुकीपर्यंत दर शनिवारी त्या दारावर माणूस पाठवला. मग निवडणूक झाली, उमेदवार पडला, कार्यालयाला कुलूप लागलं, सगळे आपापल्या गावी गेले. “पुढच्या शनिवारी तिने वाट बघितली असेल,” ती म्हणाली, आणि यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मशीनने तिथे काहीच लिहिलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे ‘शांतता’ असं लिहिलं. मग हेडफोन काढून ठेवला.

ती बाई निदान स्वतःच्या तोंडाने सांगत होती. मी वीस वर्षांत माझं कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझे वडील इथल्या एका साहेबांकडे होते. साहेब आमदार नव्हते, होण्याच्या बेतात कायम असायचे. वडिलांकडे मौतीची वही होती. कोणत्या गावात, कोणाच्या घरी, कोण गेलं, अग्नी देणार की पुरणार, दहावा कधी, आणि घरात सांत्वन कोणाचं करायचं, म्हणजे साहेबांनी हात कोणाचा धरायचा, हे सगळं तिच्यात. आमच्याकडच्या पुढाऱ्याला लग्न चुकवलेलं चालतं, कारण लग्नात त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. मौतीला आला नाही तर घर लक्षात ठेवतं. साहेबांना वेळेवर त्या दारात नेऊन उभं करण्यात वडिलांचा हात कुणी धरू शकत नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील साहेबांबरोबर दौऱ्यावर असले की मी साहेबांच्या कार्यालयात फोनजवळ बसायचे आणि वहीत नोंद करून वडिलांना कळवायचे. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास येलदरीकडच्या एका गावातून फोन आला. बोलणारा माणूस घाईत होता, तरी कुठे, कसं झालं ते भराभर सांगत होता. चुलतभावाचा मुलगा पुण्याला अपघातात गेला होता, गाडी त्याला घेऊन निघाली होती, संध्याकाळपर्यंत येणार होती. मी गाव लिहिलं, घर लिहिलं, ‘मुलगा, पुणे, अपघात’ लिहिलं, ‘सांत्वन: आई’ लिहिलं. तो पुढेही काहीतरी बोलला. ते मी ऐकलं, पण लिहिलं नाही. त्यासाठी वहीत रकाना नव्हता आणि माझं पेपरचं वाचन राहिलं होतं. वडिलांना कळवताना मी फक्त लिहिलेलं वाचून दाखवलं.

साहेब त्याच भागात होते. संध्याकाळी पुन्हा कोण येणार, म्हणून जाता जाता दुपारीच त्या घरी गेले. आई अंगणात होती. साहेबांनी रीतसर तिचा हात धरला आणि म्हणाले, माय, आता धीर धर, देवापुढं कुणाचं चालत नाही. ती म्हणाली, “माझं पोरगं दवाखान्यात हाय. तुमी काय बोलायलाव?”

फोनवरचा माणूस मला जे शेवटी बोलला होता ते हेच होतं. मायला अजून सांगितलं न्हाई. निस्तं सिरियस हाय म्हनून सांगितलंय. गाडी आल्यावर सांगू.

वडील घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी वही उघडून माझी नोंद दोनदा वाचली. “फोनवर आनखी काय म्हनला व्हता का?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि साहेबांकडे जाऊन ऐकण्यातली चूक स्वतःच्या अंगावर घेतली. महिन्याभरात वही दुसऱ्या माणसाकडे गेली. वडिलांनी मला पुन्हा कधीही त्याबद्दल विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं. पुढे वडील वारले तेव्हा साहेब वेळेवर आले, अगदी बरोबर माझाच हात धरला. मला तो झटकून टाकावासा वाटला.

तर टेप ऐकल्यावर आठच दिवसांनी मी येलदरीकडच्या त्या गावी गेले. जिंतूरपर्यंत एस.टी., पुढे जीप. सगळं सांगायचं, चार शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं, असं माझं चाललं होतं. मोकळं मला व्हायचं होतं, हे नीट लक्षात घ्या. तिथल्या त्या आईचा विचार मी कितपत केला होता, देव जाणे.

ती अंगणात तूर निवडत बसली होती. खूप म्हातारी झाली होती. मी चप्पल काढली, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुठून सुरुवात करावी ते न सुचून गप्प राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. सुपातले हात थांबले.

“कोन गेलं?” तिने विचारलं.

“कुणी नाही, मावशी.”

“खरं सांग, बाई. थोरल्याचा फोन लागंना सकाळधरनं.”

“खरंच कुणी नाही. मी सहज आलेय.”

“तवा बी समदे असंच म्हनले. काय न्हाई, सिरियस हाय. एकच मानूस खरं बोलला, त्याला मी दारातून हाकलला.” तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. मी तिच्याच फोनवरून तिच्या थोरल्या मुलाला फोन लावत राहिले. चौथ्यांदा लागला. तो संभाजीनगरला कामावर होता आणि चिडला होता. तिने फोन कानाशी धरून त्याचं चिडणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्यामुळे त्या दहा मिनिटांत तिच्यापुरता तिचा दुसरा मुलगाही मेला होता. मला उठून पळून जावंसं वाटलं.

“मंग तू कामून आली?” तिने विचारलं.

मी सांगितलं. फोन, वही, न लिहिलेलं वाक्य, वडिलांशी बोललेलं खोटं, सगळं. ती रागावली नाही. तुरीत बोटं फिरवत राहिली.

“फोन कवा आला व्हता?”

“सकाळी दहाला.”

“दहाला मी भाकरी करायलते,” ती म्हणाली. “त्याच्या वाटच्या बी थापल्या. दवाखान्यात कुनी नेईल म्हनून.” मग म्हणाली, “म्हंजे माझ्या आदी तुला ठावं व्हतं.”

मला रडू आलं. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. सूप बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे तोंड करून बसली.

“फोनवर काय काय म्हनला तो? जसंच्या तसं सांग. मला कुनी धड सांगितलंच न्हाई. गाडी आली अन् समदे रडायलेच.”

मी त्या माणसाचे शब्द सांगितले. कुठल्या रस्त्यावर झालं, कोणी उचललं, लगेच गेला, त्याला काही कळलं नाही. गाडी निघालीय. मग मी थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग उरलेलंही सांगितलं, मायला अजून सांगितलं न्हाई.

तिने मान हलवली.

“पुना सांग,” ती म्हणाली. “पयल्यापासून.”