हंबीररावांची फ्रान्सची बाटली

आमच्या मंगळवार पेठेत हंबीररावांइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही. मिशा मात्र अशा की, बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच वाघ मारून आलेत. संस्थानातल्या एका सरदारांकडे वीस वर्षं बटलर होते आणि फ्रान्सच्या तांबड्या वाईनवर बोलायला लागले की सासुरवाडी तिकडचीच वाटायची.

"पयला घोट जांभळागत जीभ आवळतोय," ते सांगत, "मग मागनं नव्या पायताणाचा वास येतोय. मटणासंगं द्यावी. माशासंगं दिली की लोखंड चाटल्यागत हुतंय. आन् मिरचीचं नि तिचं सवतीचं नातं."

संस्थान विलीन झालं, सरदार पुण्याला गेले आणि जाताना त्यांनी त्याच तांबड्या वाईनची एक बाटली बक्षीस म्हणून यांच्या हातात ठेवली. पाठोपाठ दारूबंदी आली. बाटली सापडली की तुरुंग. त्यात शेजारी कोण, तर पोलिसातले बाळासो जमादार.

बाटली माळ्यावरच्या फाटक्या गादीत गेली. बायडाबाईंनाही सांगितलं नाही. नळावर बोलल्या तर? जमादारांचे बूट वाजले की हंबीररावांचा घास हातातच राही. ओतून टाकावी, तर गटार जमादारांच्या दारावरून जायचं. शेवटी एका रविवारी सकाळी बायडाबाई देवळात गेल्या तेव्हा त्यांनी अख्खी बाटली मटणात रिकामी केली. चटणी नावाला, आच मंद. दारूचा वास उडाला, बाटली फोडून काचा मागच्या परड्यात पुरल्या आणि हंबीरराव मोकळ्या मनानं अंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघतात तर पातेल्यावरचं झाकण बाजूला.

"जमादारांकडं वाटी धाडली," देवळातून परतलेल्या बायडाबाई म्हणाल्या. "आपल्यात मटाण शिजलं आन् शेजारी वाटी गेली न्हाय, असं कवा झालंय?"

हंबीरराव ओल्या पंच्यानिशी खालीच बसले आणि बायकोच्या कानात सगळं ओकले. तेवढ्यात कडी वाजली. दारात जमादार, हातात चाटूनपुसून रिकामी वाटी.

"हंबीरराव, काय घातलंयसा ह्यात?"

"जांभळं," आवाज कुठून आला ते त्यांनाच कळलं नाही.

"तिखाट न्हाय, तरी जीभ सोडंना की. फुडल्या रविवारी मटाण मी आणतो. ह्योच रस्सा करायचा."

जांभळांचे दिवस होते, म्हणून थाप तरी पचली. पण त्या आठवड्यात माणूस निम्मा झाला. जांभळाचा रस, काळा चहा, गुळाचा खडा, कशात काय मिसळून बघत. चव जवळ येई आणि हुलकावणी देई. रविवारी जमादार वर्दीतच जेवायला बसले. पहिला भुरका मारला आणि थांबले.

"हे न्हाय. त्या दिवशी आनी कायतरी हुतं."

हंबीररावांच्या मिशांवरून घाम टपकायला लागला. चुलीपासून बायडाबाई शांतपणे म्हणाल्या, "हुतं की. त्या दिवशी फुकाचं हुतं. आज मटाण तुमच्या पदरचं हाय. गोडी कुठनं लागायची?"

जमादारांना हसता हसता ठसका लागला. "वाढा," म्हणत त्यांनी ताट पुढं सारलं. हंबीरराव वाढायला उठले खरे, पण हात असा लटलटत होता की पळीतला रस्सा ताटात पडलाच नाही. सगळा वर्दीवर.