लाल दोऱ्याची कणसं

शाळा मी चौथीत सोडली, पण ज्वारीचं कणीस मला वाचता येतं. हे आजही छाती काढून सांगतो.

आमचं रान नदीकाठी, खोलगट. पौषात तिथं अशी थंडी उतरायची की निसवलेल्या, कणीस बाहेर टाकलेल्या ज्वारीत दाणाच भरायचा नाही. कणीस दिसायला डौलदार, हातात घेतलं की पोचट. धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, हितं हरभरा पेर अन् गप बैस." मी कुठला ऐकतोय! पैठणच्या बाजारातून, लासूर स्टेशनच्या आडतीवरून, पाहुण्यारावळ्यांच्या कणगीतून मूठ-मूठ बी गोळा केलं. जितक्या जाती तितक्या ओळी, अन् पेरल्या मुद्दाम उशिरा. फुलोरा ऐन थंडीत सापडला तरच कळणार कोण टिकतं.

ओळीच्या ओळी पोचट गेल्या. पण सात ताटं! सात ताटांच्या कणसांत दाणा धरला! मी एकटाच रानात ओरडलो. बियासाठी राखायची म्हणून सातांनाही लाल दोरा बांधला. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. बी हातात आलं की एकदमच सगळ्यांची तोंडं बंद करू, ही माझी घमेंड.

त्याच आठवड्यात मी छावणीच्या आठवडी बाजाराला गेलो अन् मागं जावई आले. दिवस हुरड्याचे. दिवस मावळता परतलो तर बांधावर आगटी पेटलेली, जावई तळहातावर गरम कणीस चोळतायत, अन् बाजूला लाल दोरे पडलेले.

"हे काय केलंस?" मी बायकोवर खेकसलो.

"अवं, दोरे बांधून जावयासाठीच राखली व्हती ना? म्हटलं, यंदा सासऱ्याला लई माया फुटली!"

जावई खूश. "मामा, असा गोड हुरडा जन्मात खाल्ला नाय."

जावयाच्या तोंडातला घास काढता येतो व्हय? मी धावत ओळींत शिरलो. सहा ताटं मुंडी छाटलेली. सातवं होतं! लासूरच्या बियाचं, बुटकं, मान वाकडी. असलं पाहुण्याला कसं द्यावं म्हणून बायकोनं सोडलेलं. मी त्याच्या लाल दोऱ्याला आणखी एक गाठ मारली.

पुढल्या साली त्या एका कणसाचं बी टोकलं. पौष आला, हाडं फोडणारा. भाऊ ओळीत शिरला, एक दाणा नखानं दाबला. दूध आलं. दुसरा दाबला, तिसरा दाबला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मला बी मूठभर ठेव."

"तू हरभरा पेर अन् गप बैस," मी म्हटलं, अन् त्याच्याच हातात लाल दोऱ्याची गुंडी दिली.