बिनगळाचे तीन शनिवार

शनिवार, १२ मार्च २०१६. सकाळी सात. वारा जवळजवळ नाही. आकाश दुधाळ, ऊन अजून ढगांच्या मागे. समुद्र सपाट. नांगर टाकून उभी असलेली जहाजं : एकतीस.

माझ्या वहीतली पहिली ओळ नेहमी अशीच असते. अकरा वर्षं झाली. तारीख, हवा, भरती-ओहोटी आणि कोणाला काय मिळालं, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. शेवटी एक बारीकसा ‘शेरा’ नावाचा रकाना ठेवला होता. किस्से त्या रकान्यात साठत गेले. आधी दोन शब्दांत मावायचे, मग समासात चढले, आणि आता वही उघडली तर माशांपेक्षा तेच जास्त सापडतात!

आमचा कंपू लहान. चीफ म्हणजे दत्ताराम चोगले, रेवदंड्याकडचे. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, आता या परदेशी बेटावर, जहाजं ओढणाऱ्या टगबोटींवर चीफ इंजिनिअर. मृणाल रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर. आणि मी मोहन, एका शिपयार्डात प्लॅनिंगला, राहायला बिशानला. दर शनिवारी सकाळी आम्ही ईस्ट कोस्टच्या लांब जेट्टीच्या टोकाशी भेटतो.

चीफ याला मासेमारी म्हणत नाहीत, शिकार म्हणतात. नवीन माणसाला तेच शिकवतात, आणि त्यांचे नियम दोन. पहिले तीन शनिवार दोरीला गळ बांधायचा नाही. नुसतं शिसं बांधून फेकायचं आणि समुद्राचा तळ हाताने ओळखायचा. दुसरा नियम : चौथ्या शनिवारी गळ बांधला, की तो पाण्यात टाकायच्या आधी सांगायचं, मासा मिळाला तर खाणार की सोडणार? उत्तर माझ्या वहीत जातं. मासा वर आल्यावर ते बदलता येत नाही.

त्या बारा मार्चला शिरीष पहिल्यांदा आला. पुण्याचा, नऊ वर्षं इथे आयटीत. कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला होता, इथे काम करायचा पास रद्द झाला होता, आणि तीन एप्रिलच्या विमानाची तिकिटं काढून झाली होती.

“चीफ,” तो म्हणाला, “नऊ वर्षं या बेटावर राहिलो आणि समुद्रात बोटसुद्धा बुडवलं नाही. जायच्या आधी एक मासा स्वतःच्या हाताने पकडायचाय. एकच. माझ्या मुलीच्या देखत.”

मृणालने बोटांवर मोजलं. “चीफ, अहो, यांच्याकडे चारच शनिवार आहेत! या वेळी तो गळाचा नियम जरा बाजूला ठेवा ना.”

चीफ दोरीला शिसं बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “चार आहेत ना? मग तीन शिकायला, एक शिकारीला. बरोबर बसतंय की!”

*

शिरीषचा चेहरा उतरला. त्याला बरं वाटावं म्हणून मी माझा किस्सा सांगितला.

माझ्या चौथ्या शनिवारी चीफनी गळ बांधला, कोलंबी लावली आणि विचारलं, “खाणार की सोडणार?”

मी शिपयार्डातला माणूस. आमच्याकडे कुठल्याच प्रश्नाला लगेच उत्तर द्यायची पद्धत नाही. मी म्हणालो, “बघू.”

चीफनी शांतपणे कोलंबी काढली, गळ सोडवला, डबीत ठेवला आणि डबी खिशात टाकली. त्या दिवशी मला पुन्हा नुसतं शिसंच मिळालं.

निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, “मोहनराव, मी तीस वर्षं समुद्रावर काढली. ‘बघू’ नावाचा मासा काही अजून दिसला नाही!”

*

मृणालचा किस्सा मृणालनेच सांगितला.

पहिल्या शनिवारी तिने तासभर शिसं फेकलं, ओढलं, पुन्हा फेकलं. मग कंटाळून विचारलं, “चीफ, याचं आउटपुट काय?”

चीफ म्हणाले, “डोळे मीट. शिसं तळाला टेकेपर्यंत एक शब्द बोलू नकोस. टेकलं की हळूहळू ओढ, आणि काय लागतंय ते सांग.”

तिने डोळे मिटले. वहीत माझी नोंद आहे : ‘मृणाल, पावणेनऊ ते सव्वानऊ, डोळे मिटून.’ त्या अर्ध्या तासात तिचा आवाज बदलला. “चिखल... अजून चिखल... आता खरखरीत. वाळू असेल... शिंपले... थांबा, इथे काहीतरी मोठं आहे, दगड.” झोपेत कोणी एखाद्या घराचं वर्णन करावं तसं ती बोलत होती. पाण्याखाली एक अंगण होतं आणि ती त्यात अनवाणी फिरत होती.

सोमवारी बँकेत मीटिंग होती. साहेबांनी एक अडचण मांडली आणि लगेच सगळे एकदम बोलायला लागले. मृणालने हात वर केला आणि इंग्रजीत म्हणाली, “कोणीही बोलू नका. अजून तळाला टेकलेलं नाही!”

“मग?” शिरीषने विचारलं.

“मग काय! पूर्ण एक मिनिट कोणी बोललं नाही. आमच्या बँकेत तो रेकॉर्ड आहे.”

*

तिचा चौथा शनिवार मात्र मलाच सांगावा लागला, कारण ती तो गाळते.

चीफनी विचारलं, “खाणार की सोडणार?” हिने छाती काढून सांगितलं, “खाणार! मालवणी मसाला आईकडून मागवून ठेवलाय.” मी लिहून घेतलं.

दहाव्या मिनिटाला मासा लागला. वर आला तेव्हा लहानसा, ठिपकेदार, गोंडस. जेट्टीच्या फळीवर ठेवताच त्याने हवा भरून घेतली आणि टेनिसच्या चेंडूएवढा झाला. केंड! अंगभर विष.

मृणाल कधी माशाकडे, कधी वहीकडे, कधी चीफकडे बघत होती. “आता?”

चीफ गंभीरपणे म्हणाले, “नियम तो नियम. खा. पण मोहनराव, त्याआधी हिच्या नवऱ्याचा नंबर लिहून घ्या!”

केंड पाण्यात परत गेला. वहीत चीफनी स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती केली : ‘माशाने नकार दिला.’

*

दुसरा शनिवार, १९ मार्च. हलकं धुकं. शिरीष मुलीला घेऊन आला. सई, वय अकरा, दोन वर्षांची असल्यापासून इथली. तिने वडलांच्या दोरीचं टोक हातात धरून नीट पाहिलं.

“बाबा, नो हूक! हाऊ टू कॅच, लाह?” ती इथल्या इंग्रजीत म्हणाली.

“आधी तळ ओळखायचा असतो,” शिरीष म्हणाला.

“व्हाय? यू वाँट टू बाय अ फ्लॅट देअर, अह?”

मृणाल हसून हसून कठड्याला टेकली. चीफ मात्र सईशेजारी मांडी घालून बसले. “बाय, तुझी शाळा कुठं आहे?” बिशानला, ती म्हणाली. “मग डोळे मिटून तू एमआरटी स्टेशनपासून शाळेपर्यंत जाशील की नाही? कुठं पायरी, कुठं वळण, सगळं पायाला माहीत आहे ना? मासा तसा राहतो खाली. त्याच्या घरी जायचं तर रस्ता नको का माहीत?”

सई पुढचा तासभर वडलांच्या दोरीवर दोन बोटं ठेवून बसली. आणि खरं सांगायचं तर तळ तिला आधी कळायला लागला. शिरीष म्हणायचा, “वाळू.” सई म्हणायची, “नो, बाबा. मड. वेट... नाऊ सँड.” चीफ मान हलवायचे. तिचंच बरोबर असायचं.

पश्चिमेला दूरवर शहरातल्या उंच इमारती धुक्यात पुसट दिसत होत्या. सईने विचारलं, “बाबा, तू नऊ वर्षं तिथे काय मेक केलंस?”

शिरीषने त्या बाजूला पाहिलं. “सिस्टीम,” तो म्हणाला. “दिसत नाही ती.”

“ओ,” सई म्हणाली, आणि बोटं पुन्हा दोरीवर ठेवली.

*

तिसरा शनिवार, २६ मार्च. हवा इतकी स्तब्ध की जहाजांची प्रतिबिंबंसुद्धा हलत नव्हती. चीफ डोळे मिटून दूरच्या इंजिनांचे आवाज ऐकत होते आणि कोणाला कुठे दुखतंय ते सांगत होते. “ती निळी दिसते ना, तिचा एक सिलिंडर खोकतोय.” पाणी आणि आकाश यांच्यातली रेघ कधी गेली ते कळलं नाही. एक बोट सरळ ढगात शिरल्यासारखी दिसली, आणि आम्हा कोणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

शिरीष दोरी धरून उभा होता. उभ्या उभ्या त्याला झोप लागली. आदल्या रात्री त्यांनी घरातलं सगळं सामान खोक्यांत भरलं होतं. रॉड मात्र हातात घट्ट.

आमच्या शेजारी नेहमी एक चिनी अंकल बसतात. तीन आठवडे ते शिरीषची बिनगळाची दोरी बघत होते. शेवटी राहवेना. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “युअर फ्रेंड, नो हूक, नो बेट. व्हॉट ही कॅचिंग? स्लीप, अह?”

मी म्हणालो, “येस, अंकल.”

त्यांनी शिरीषकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, “वाह. व्हेरी बिग वन!”

*

चौथा शनिवार, २ एप्रिल. सकाळी सात. ढग खाली आलेले, उकाडा. जहाजं : सव्वीस. शिरीषबरोबर सईही आली होती; त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी.

चीफनी स्वतः गळ बांधला, कोलंबी लावली. “खाणार की सोडणार?”

“सोडणार,” शिरीष म्हणाला. “घरात आता कढईसुद्धा नाही, चीफ. मला फक्त पकडायचाय.”

मी लिहिलं : ‘शिरीष. सोडणार.’

साडेसात, आठ, नऊ. काही नाही. साडेनऊला विजा चमकायला लागल्या. रॉड खाली ठेवून आम्ही छपराखाली उभे राहिलो. पाऊस सरळ उभा पडत होता. कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. बारा वाजता घरमालक फ्लॅटच्या किल्ल्या घ्यायला येणार होता. अकराला तरी निघणं भाग होतं.

दहा पस्तीसला पाऊस थांबला. मृणाल हळूच म्हणाली, “चीफ, तुमच्या जागेवरून टाकू द्या ना त्यांना.”

“त्याला त्याची जागा माहीत आहे,” चीफ म्हणाले.

शिरीषने कोलंबी बदलली. दहा बेचाळीसला गळ टाकला. डोळे मिटले. सईने दोरीवर दोन बोटं ठेवली.

“मड,” ती म्हणाली. “मड... सँड...”

“आता दगड येईल,” शिरीष म्हणाला. “त्याच्या अलीकडे थांबतो.”

तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. ओल्या फळ्यांवरून वाफ निघत होती.

“बाबा,” सई कुजबुजली, “दॅट्स नॉट स्टोन.”

रॉड वाकला. रीळ किंचाळायला लागलं. मृणाल धावली, पण चीफनी हात आडवा धरला. “कोणी हात लावायचा नाही. त्याचा आहे तो.” मग शिरीषला फक्त एवढंच सांगत राहिले, “जाऊ दे... जाऊ दे... आता घे. पुन्हा जाऊ दे.”

पन्नास हातांवर पाणी फुटलं आणि मासा अख्खा हवेत आला. रुपेरी, रुंद, तोंड उघडं. आणि चीफ बोलायचे थांबले.

“जिताडा,” ते म्हणाले.

मासा जाळीतून वर घेतला तेव्हा जेट्टीवरची माणसं जमली. चिनी अंकल म्हणाले, “स्टीम! जिंजर! वाह!” चीफ गुडघ्यावर बसले होते. त्यांनी माशाच्या अंगाला हात लावला नाही, वरून फक्त हवेत फिरवला. “आमच्याकडे हा पाहुण्याच्या पानात वाढतात,” ते म्हणाले. “आई गेली त्या वर्षी शेवटचा खाल्ला. इथं बावीस वर्षं वाट बघतोय. एकदाही गळाला लागला नाही.”

शिरीषने रॉड खाली ठेवला. “चीफ, तुम्ही न्या. प्लीज. तुम्ही खा.”

“माझ्या घरी कढई आहे, चीफ,” मृणाल म्हणाली.

सई चीफकडे बघत होती.

चीफ माझ्याकडे वळले. “मोहनराव, वहीत काय लिहिलंय?”

मी वाचून दाखवलं.

जिताडा. लांबी ६४ सेंटिमीटर. लागला १०:४७, वर आला १०:५८. ११:०१ ला जाळीतून पाण्यात सोडला. जाळीची दोरी चीफच्या हातात होती.