शेवटच्या मुलाच्या मागे

नोला ट्रेगेन्झाबरोबर मी स्काउटांच्या पथकात अकरा वर्षं काम केलं आणि त्यातली निदान दहा तिच्यावर वैतागण्यात घालवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल चार बरे शब्द बोलले तर कुणी म्हणायला नको की रेलीनला आता गहिवर आलाय. मी शाळेची बस चालवते. वेळेवर निघायचं, वेळेवर पोचायचं, एवढंच मला कळतं. आणि नोलाला घड्याळाचं वावडं होतं.

आमच्या ट्रेविन गावच्या कब पथकाची ती एकावन्न वर्षं प्रमुख होती. कब म्हणजे सात ते दहा वर्षांचे छोटे स्काउट. पोरं तिला ‘स्किप’ म्हणायची, आणि पुढे त्यांना पोरं झाली तरी स्किपच म्हणायची. टपाल कचेरीच्या खिडकीमागे तिची नोकरी झाली. लग्न केलं नाही. गाडीच्या डिकीत कायम दोरखंड, खडू, फाटकी बुटं आणि शिट्ट्या. टोमॅटो सँडविच खायची, बिनदुधाचा चहा प्यायची, आणि कुठल्याही पोराला कधी ‘शाब्बास’ म्हणायची नाही. शर्यत पुरी केली की नुसती मान हलवायची. त्या मान हलवण्यासाठी पोरं जीव टाकायची.

दर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे आमच्याकडे उन्हाळा लागतो तेव्हा, पथकाचे खेळ असायचे, आणि विषय दर वर्षी एकच, चिकाटी. शेवटी खुणांची शर्यत. तळ्याच्या काठाने काड्यांचे बाण मांडायचे आणि पोरांनी ते शोधत पथकाच्या हॉलपर्यंत यायचं. आमच्या तळ्यात पाणी कसलं, ऑगस्ट सरला की नुसतं पांढरं मीठ. बाण म्हणजे इकडून चल. फुली म्हणजे इकडे जाऊ नको. दगडांचं वर्तुळ आणि मध्ये एक दगड, म्हणजे संपलं, मी घरी गेलो. सगळ्यात शेवटच्या पोराच्या मागून एक मोठं माणूस चालतं, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाने बाण उचलत यायचं. आपण येऊन गेल्याची खूण मागे ठेवायची नाही, हे स्काउटच्या पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. माझा हात तर आपोआप जातो. बसमध्ये चॉकलेटचा कागद दिसला तरी वाकते.

माझं डोकं फिरायचं ते शर्यत संपल्यावर. तेवीसच्या तेवीस पोरं आलेली, सॉसेज गार व्हायला लागलेले, आणि नोला शेवटाशी ताणलेली फीत काढू द्यायची नाही. अजून थोडं, म्हणायची, आणि रिकाम्या तळ्याकडे तोंड करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायची. चांगला अर्धा तास. आईबाप एकमेकांकडे बघून हसायचे. पदकांचंही तसंच. पोरं मैदा, मीठ आणि पाणी मळून पदकं करायची, ती भट्टीत वाळवून सोनेरी रंगवायची. तेवीस पोरं असली तर नोला चोवीस करायची, आणि चोविसाव्यावर नाव नसायचं. कुणाचं फुटलं तर असू दे, म्हणायची. पण फुटलं त्याला ते कधी दिलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात तिच्या स्वयंपाकघरात आम्ही खेळांची आखणी करायला बसलो. मी यादी घेऊनच गेले होते. पुठ्ठ्याच्या बुटांना नाड्या ओवणं, लोकरीची फीत पोरांनीच विणणं, चमचा-बटाटा, आणि हळू सायकल, ज्यात शेवटी येईल तो जिंकतो. हळू सायकलवर ती खूश झाली. पदकांवर चमकी लावायला नाही म्हणाली, कारण चमकी दोन वर्षं फरशीतून निघत नाही, आणि तेवढ्यावर आमचं एकमत झालं. मग मी हळूच विषय काढला की गावाबाहेरच्या नव्या मैदानावर सावली आहे, धड संडास आहेत, शर्यत तिकडे संपवू. हा जुना हॉल तर जानेवारीत पाडणारच आहेत.

तिने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी तू कर हवं तिथे. या वर्षी शेवट हॉलपाशीच. त्याची चाळीस पावलं राहिलीत, रेलीन.”

कुणाची, मी विचारलं.

“डेसची.”

डेस पेंगिलीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. एकोणीसशे एकाहत्तर साल, नोलाचं पथकातलं पहिलंच वर्ष, ती चोवीस वर्षांची. खुणांच्या शर्यतीत शेपूट तीच होती. आठ वर्षांचा डेस बुटाची नाडी बांधायला झुडपामागे बसला आणि ती त्याच्या पुढे निघून गेली. त्याच्यापुढचे सगळे बाण तिने नेमाने उचलले. हॉलवर पोरांनी आकडे म्हटले तेव्हा सोळाच्या सोळा भरले, कारण शेजारच्या गावचा एक पाहुणा पोरगा रांगेत उभा राहिला होता. तिने दारात ‘घरी गेलो’चं वर्तुळ मांडलं आणि हॉल बंद केला. डेस तिसऱ्या दिवशी तळ्याच्या पलीकडच्या काठावर सापडला, उन्हाने गेलेला.

मला माहीत नव्हतं ते तिने त्या दिवशी सांगितलं. पोरगं पडलं होतं त्याच्यापुढे तीन काड्यांचा बाण होता. मागून कुणीतरी येईल म्हणून त्याने स्वतः मांडलेला. आणि पुढच्या वर्षी, शर्यतीच्या दिवशी, तसलाच बाण तिला आणखी साठ-सत्तर पावलं अलीकडे सापडला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी अलीकडे. जिथे बाण सापडे तिथे ती एक लोखंडी खुंटी ठोकायची.

त्या खुंट्या मी अकरा वर्षं बघत होते. कुंपणाच्या असतील असं समजून त्यांच्यावर स्वेटर अडकवले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन मी मोजल्या. पलीकडच्या काठापासून निघालेल्या बारा खुंट्या अर्ध्या तळ्यात थांबल्या होत्या. मग पुन्हा त्याच काठापासून दुसरी रांग, अडतीस खुंट्यांची, वाट चुकलेल्या पोरासारखी इकडेतिकडे वळत, हॉलपासून चाळीस पावलांवर. नोलाने कारण सांगितलं होतं. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं आणि बाण वाहून गेला. बाण असतो तिथून डेस पुढच्या वर्षी निघतो. बाण गेला की पुन्हा पहिल्यापासून.

मी विश्वास ठेवला का? नाही. पंचाहत्तर वर्षांची बाई, पन्नास वर्षं एकच गोष्ट मनात धरलेली, मला वाटलं मनाने घेतलंय. पण खुंट्या मोजताना पाठीमागे कुणीतरी थांबलंय असं वाटत राहिलं, हे खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी छाती तपासून तिला हिवाळा दिसेल की नाही सांगता येत नाही म्हटलं होतं. तिच्या जिवाला एकच घोर होता, हॉल उभा आहे आणि आपण आहोत तोवर डेस दारापर्यंत यायला हवा.

खेळांचा दिवस उजाडला तो भाजून काढणारा. नोलाचे गुडघे धरले होते, म्हणून पहिल्यांदाच शेपूट मी झाले. तिने सकाळीच बजावलं. आपले बाण पोरांनी लाल रंगवलेत, लाल नसेल त्याला हात लावू नकोस. मी म्हटलं, कळलं गं बाई, किती वेळा सांगशील.

शेवटचं पोर होतं पिपा, धापा टाकणारी, नाक वाहणारी. तिच्या मागून मी वाकत, उचलत, पिशवीत टाकत चालले. हॉल दिसायला लागला. ट्रेव्हर, म्हणजे पिपाचा बाप, कांदे करपवत होता, वास इथपर्यंत येत होता, आणि मी मनात त्याला शिव्या घालत होते. नळापाशी, दारापासून पंधरा पावलांवर, आणखी एक बाण होता. तोही उचलून पिशवीत टाकला.

पिपा फितीला लागली, टाळ्या झाल्या. नोला माझ्याकडे आली आणि नळाकडे बघत तिने विचारलं, काही दिसलं का. मी पिशवीत हात घातला. लाल काड्यांमध्ये तीन करड्या काड्या होत्या, ओल्या, मिठाने पांढऱ्या झालेल्या. तळ्यात तीन महिने थेंब नव्हता.

मी म्हटलं, परत ठेवते, आत्ता ठेवते. पण बाण कसा होता, कुठे वळला होता, नक्की कुठल्या दगडाशी, काही म्हणता काही आठवेना. मला आठवत होते फक्त करपलेले कांदे. ती मला एक शब्द लावून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

“तू ठेवलेला तुझा बाण होईल,” ती म्हणाली. “त्याला तो कळायचा नाही. तो आता पुन्हा पलीकडच्या काठाला गेला.”

मग तिने टोपी घातली. मी आडवी आले. म्हटलं, एवढ्या उन्हात, या छातीने, वेड लागलंय का तुला. ती म्हणाली, “त्या दिवशी मी त्याच्या पुढे चालले, पोरी. आज मागे चालते. तू फीत धर. आणि सोडू नकोस.”

ती तळ्यात उतरली तेव्हा चार वाजले होते. पांढऱ्या मिठावर ती लहान लहान होत गेली आणि मग उन्हाच्या थरथरीत दिसेनाशी झाली. मी ट्रेव्हरला फितीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. आईबापांना सांगितलं, कुणीही घरी जायचं नाही. बसमध्ये पोरांना गप्प करते तो आवाज लावला, म्हणून कुणी विचारलं नाही. पोरं टाळ्या वाजवत राहिली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पावणेसहाला ती परत दिसली. आधी मला वाटलं, ती थकल्यामुळे अशी चालतेय. चार पावलं टाकायची, थांबायची. पुन्हा चार पावलं. जवळ आल्यावर कळलं की ती थकून थांबत नव्हती. आपल्यापुढे लहान पोर चालत असलं, ते दमून थांबलं की आपण थांबतो, तशी थांबत होती. नजर आपल्या कमरेएवढ्या उंचीवर, आठ-दहा पावलं पुढे. ओठ हलत होते. हात पाठीमागे घट्ट बांधलेले, मदत करायचा मोह होऊ नये म्हणून. ती पोरांच्या मागे चालायची तेव्हा नेहमी तसेच बांधायची.

खुंट्यांच्या रांगेतून ती वळत वळत आली. शेवटची खुंटी मागे पडली. नळ मागे पडला. वारा अजिबात नव्हता, निलगिरीचं पान हलत नव्हतं. पोरांच्या टाळ्या आपोआप वाढल्या, कुणी सांगितलं नव्हतं. नोला अजून दहा पावलं लांब होती तेव्हा फीत ताणली गेली. मधोमध, लहान पोराची छाती असते त्या उंचीवर, आतल्या बाजूला फुगली, आणि माझ्या बोटांतून सरकन निघून गेली. लोकरीने कातडी सोलली गेली. तो वळ अजून आहे, बघायचा तर बघा.

नोला आली आणि पायरीवर बसली. चेहरा राखेसारखा झाला होता. पोरांना म्हणाली, आकडे म्हणा. एक, दोन, तीन, करत पिपाचे तेवीस झाले. मग सगळं शांत. नोला वाट बघत राहिली, आणि मग तिने मान हलवली, पोरांसाठी हलवायची तशीच. मला काही ऐकू आलं नाही. ट्रेव्हर म्हणतो त्याला आलं, पण ट्रेव्हरच्या पोटात तोवर तीन बिअर होत्या. मग तिने पायरीवर तळ्यातल्या खड्यांचं वर्तुळ मांडलं, मध्ये एक दगड ठेवला, आणि पदकं वाटली. तेवीस गळ्यांत तेवीस पदकं पडली. खोक्यात चोविसावं नव्हतं. मी ते उलटं करूनही पाहिलं.

जानेवारीत हॉल पाडला. नोला एप्रिलमध्ये गेली, सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या, चहा घेताना. तिला भाऊबहीण नव्हते, म्हणून घर आवरायला मीच गेले. तिच्यावर मी किती ओरडले होते ते सगळं फाटकापाशीच आठवलं, आणि मला रडू आलं. आता लपवून काय करू.

दाराच्या पायरीवर खड्यांचं वर्तुळ होतं, मध्ये एक दगड. शेजारीण म्हणाली, नोलानेच मांडलं असेल आदल्या दिवशी. असेलही. पण नोला ऐसपैस वर्तुळं मांडायची, आणि हे एका लहान पंजात मावेल एवढं होतं. खडे ओले होते. आणि मधला दगड दगड नव्हता. मिठाच्या कणकेचं सोनेरी पदक होतं, बिननावाचं.

सवयीने माझा हात खाली गेला. पायरी झाडायची, उचलायचं, मागे काही ठेवायचं नाही. बोटं त्याला टेकणारच होती.

मग मी थांबले, आणि आधी मागे वळून पाहिलं.