तीन काळे तीळ

शरदिनी पौराणिक यांचं सगळं आयुष्य एका खिडकीत गेलं. बनारसच्या छावणी भागात एक मिशन दवाखाना आहे, त्याच्या औषधांच्या खिडकीत. आतून बाटल्या, पुड्या, मलमाच्या डब्या द्यायच्या आणि 'दिन में तीन बार, खाना खाके' हे समोरच्याला दोनदा बजावायचं. बनारसचा माणूस एकदा सांगितलेलं ऐकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. तिसऱ्यांदा कुणी विचारलं तर त्या चष्म्यावरून अशा काही बघत, की त्या बिचाऱ्याला आपला खोकलाच बरा वाटे. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चुकीचं औषध गेलं नाही. हे त्या स्वतःच सांगत, आणि वर म्हणत की यात अभिमान नाही, नुसती खरी गोष्ट आहे.

दुसरी एक खरी गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. दर वर्षी सर्वपित्री अमावास्येला, सूर्य वर येतायेता, त्यांचं तोंड पाण्यानं भरे. घोटभर पाणी. गार, किंचित गढूळ, नदीचं. आणि त्यात तीन काळे तीळ.

पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, झोपेतच काहीतरी झालं. दुसऱ्या वर्षी त्या आदल्या रात्रीपासून उपाशी राहिल्या. तिसऱ्या वर्षी तोंडावर रुमाल घट्ट बांधून पहाटेपासून खुर्चीत बसल्या. रुमाल कोरडा राहिला आणि तोंड भरलं. चौथ्या वर्षी रजा टाकून जबलपूरला गेल्या, तर तिथंही पाणी वेळेवर हजर. मग त्यांनी दवाखान्यातली निळ्या काचेची एक लहान बाटली घेतली, आणि दर वर्षीचे तीळ धुऊन, वाळवून तिच्यात टाकू लागल्या. औषधं देणारं माणूस पुरावा फेकून देत नाही.

एकदाच कधीतरी ते पाणी सकाळी आलं नाही. बाई दिवसभर देवाचे आभार मानायला निघाल्या होत्या. दुपारी साडेबाराला, समोर रांग उभी असताना, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तोंड भरून आलं.

आणि आणखी एक. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी खिडकीशी, आणि निवृत्तीनंतर घराच्या खिडकीशी, कुणीतरी अनोळखी येऊन उभं राही. कधी म्हातारा, कधी भाजीवाली. काही मागायचं नाही, बोलायचं नाही. शरदिनीबाईंच्या चेहऱ्याकडे क्षणभर टक लावून बघायचं आणि चालू लागायचं. हाक मारली तर पाय उचलून पळायचं.

हे सगळं का होतं, याचा अंदाज बाईंना होता. म्हणून तर त्या कुणाला सांगत नव्हत्या.

बाई जन्मल्या दुर्गाघाटावर, गल्लीतल्या एका वैदिकाच्या घरी. चोविसाव्या वर्षी क्षय झाला. घरात वेदपाठशाळेची मुलं जेवायला, तेव्हा हिला मिशनच्या दवाखान्यात ठेवली. घरची माणसं आधी रोज येत, मग आठवड्यानं, मग सणावारी. त्या वॉर्डात देवदत्तराव नावाचे नगरकडचे एक म्हातारे पाद्री येऊन बसत. ते मराठी बोलत, हीच काय ती जादू. बऱ्या होऊन बाई तिथंच कामाला लागल्या, आणि त्र्याऐंशी साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुणी फसवलं नव्हतं, कुणी लाडूही दिले नव्हते. त्यांना येशू खरा वाटला, एवढंच.

वडिलांनी त्याच महिन्यात घट घातला. जुन्या शास्त्रातला विधी आहे. पतित झालेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा घडा भरायचा आणि दक्षिणेकडे तोंड करून डाव्या पायानं तो लवंडायचा. म्हणजे ते माणूस मेलं. नुसतं मेलं नाही, मेल्यावर त्याला घरातून पाणीही नाही. घडा लवंडला थोरल्या भावानं, ढुंढिराजनं. घरानं एक दिवसाचं सुतक पाळलं. शेजारणीनं हे सगळं खिडकीशी येऊन सांगितलं, आणि सांगून झाल्यावर खोकल्याचं औषधही घेऊन गेली.

त्याच वर्षाच्या भाद्रपदात पहिले तीळ आले.

देवदत्तराव जिवंत होते तोवर बाईंना भीती वाटली नाही. ते म्हणत, "तारण म्हणजे तू धरलेलं काही नाही, पोरी. तुला धरलंय." पण देवदत्तराव गेले, त्यांच्यानंतर चार पाद्री आले-गेले, आणि आता पास्टर अनिश होते. तरुण, मनाचे चांगले, पण उपदेशाला उभे राहिले की पहिल्या रांगेला घाम फोडत. त्या श्रावणात ते म्हणाले, "उद्धार कोई तमगा नहीं कि एक बार मिला और दीवार पर टाँग दिया. हाथ छूटा, तो आदमी डूबा." उपासना संपल्यावर बाईंनी त्यांना दाराशी गाठलं.

"और अगर हाथ कहीं और से भी पकड़ा हुआ हो तो?"

"तब तो और सोचिए, दीदी," पास्टर अनिश म्हणाले. "एक आदमी दो किनारों पर नहीं मर सकता."

मरणाची गोष्ट बाईंसाठी नुसती बोलण्याची नव्हती. त्यांच्या हृदयाची झडप बिघडली होती आणि दसऱ्यानंतर छाती उघडायची ठरली होती. अडुसष्ट वर्षांच्या बाईला डॉक्टर काय सांगणार? होईल ठीक, असं सांगितलं. बाईंनी स्वतः बत्तीस वर्षं लोकांना तेच सांगितलं होतं. त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. गुंगी देऊन डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत, तर पलीकडे आपल्याला कोण घ्यायला येणार, याची होती. आपला बाप्तिस्मा लागलाच नाही की काय? की लागला होता, आणि दर वर्षी एक घोट, तीन तीळ, असा थोडा थोडा धुऊन निघाला? बाटली त्या उजेडात धरत आणि तीळ मोजत.

शेवटी त्यांनी ठरवलं, की या अमावास्येला आपणच तिथं जायचं. जो कोणी हे पाणी देतोय त्याला तोंडावर सांगायचं, बंद कर.

एक्केचाळीस वर्षांनी त्या दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. पूर नुकताच उतरला होता, खालच्या पायऱ्यांवर गाळ होता आणि पहाटेच्या उजेडात तो पाण्याहून जास्त चकाकत होता. घाटावर गर्दी होती, पण आवाज नव्हता. माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी, ओठ हलताहेत, बोटांतून पाणी सुटतंय. बाईंना वाटलं, या सगळ्यांपेक्षा ज्यांची नावं घेतली जाताहेत तेच इथं संख्येनं जास्त असतील. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला.

ढुंढिराजला त्यांनी पाठीवरून ओळखलं. पंचाहत्तरीला टेकलेला, खांदे उतरलेले. एका वरच्या पायरीवर त्याची मुलगी कस्तुरी कोरडं धोतर घेऊन उभी होती. ती बँकेत असते, हे बाईंना ऐकून माहीत होतं. "बाबा, सँभालके, पैर फिसलेगा," ती सारखी म्हणत होती.

बापाचं, आजाचं, पणजाचं नाव झालं. आईचं झालं. बाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांचं नाव आलं नाही. ढुंढिराज वळला, डावा पाय जरा ओढत वर आला, आणि पायरीवर थांबून त्यानं धोतराचा ओला सोगा पिळायला घेतला. हे शेवटचं पाणी असतं. कुळातले जे मागे कुणी नसता गेले, ज्यांना पाणी द्यायला माणूस उरला नाही, त्यांचं. त्याचे ओठ पुन्हा हलले. काळ्या दगडावर पाणी पडलं.

बाईंचं तोंड भरलं.

त्यांनी तळहातावर थुंकलं. गढूळ पाणी, तीन तीळ. मूठ मिटून त्या चार पायऱ्या उतरल्या आणि भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

ढुंढिराजनं वर पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, आधी पायांकडे पाहिलं. पाय सरळ आहेत, पुढेच वळलेले आहेत, अशी खात्री झाल्यावर त्याचे डोळे वर आले.

"शरू?"

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या.

"कोण आहेत, बाबा?" कस्तुरीनं विचारलं.

"तुझी आत्या."

कस्तुरी एक पायरी मागं सरली. "आत्या तर क्षयानं गेली ना? आपणच तर बोलला होता!"

"मी बोललो होतो," ढुंढिराज म्हणाला. मग तो पायरीवर खालीच बसला, ओल्या धोतरानिशी. बाईही बसल्या. त्यांनी मूठ उघडली. पिशवीतून निळी बाटली काढून मांडीवर ठेवली. त्यानं तीळ बघितले, बाटली बघितली. त्याला नवल वाटलंच नव्हतं.

"तूच ना रे घडा लवंडलास?"

"याच पायानं. तेव्हापासून हा गार आहे, बघ हात लावून."

बाईंनी हात लावला. उजवा पाय माणसाचा होता. डावा नुकता पाण्यातून काढलेल्या दगडासारखा होता.

"वडील म्हणाले, आता हिला पाणी नाही. शास्त्रही तेच म्हणतं. मी म्हटलं, ठीक. पण शेवटचं पाणी बेवारशांचं. त्यात कोण कोण आहे, हे कुणी विचारत नाही. त्यात तुझं नाव मनात घेत आलो. तुला तहान लागली असती ना गं."

"जिवंत माणसाला तिळाचं पाणी देतात का, दादा?"

"नाही देत. महापाप आहे. दर वर्षी वाटायचं, या पाण्यानं मी हिला मारतोय. म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाला तरी धाडायचो, खिडकीत आहेस की नाही बघून यायला." त्यानं कस्तुरीकडे पाहिलं. "सोडून बघितलं होतं एकदा. कस्तुरी झाली त्या वर्षी. हिची आई म्हणाली, घरात तान्हं बाळ आहे, असलं अभद्र करू नका. मी तुझं नाव गाळलं आणि सोगा पिळला. थेंब पडेना. गंगेतून काढलेलं ओलंचिंब धोतर, शरू, आणि थेंब नाही. पिळून पिळून हाताची सालटं निघाली. लोक जेवायला घरी गेले, मी इथंच. दुपारी हात टेकले, तुझं नाव घेतलं, आणि नळ सुटावा तसं पाणी आलं."

बाईंना ती दुपार आठवली, ती रांग आठवली. बंद कर म्हणायला आल्या होत्या, तो शब्दच सापडेना.

"दादा, पुढच्या महिन्यात माझी छाती उघडणार आहेत," त्या म्हणाल्या. "आणि आमच्यात सांगतात, धरलेला हात सुटू शकतो. सुटला की माणूस गेलं. मला भीती वाटते रे. फार भीती वाटते."

ढुंढिराजनं गार पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला.

"तू आम्हाला सोडून गेलीस," तो म्हणाला. "आम्ही तुला टाकली, ती अशी की मेलीस तरी पाणी नाही. मी माझ्या पायानं टाकली. वर एकदा विसरूनही बघितली. तरी सुटलीस का?"

"नाही."

"मग तुझा तो देव माझ्यापेक्षा नाकर्ता आहे का गं?"

बाई रडल्या. घाटावर, सगळ्यांदेखत, नाक ओढून रडल्या. कस्तुरीनं हातातलं कोरडं धोतर त्यांच्या खांद्यावर टाकलं. तिला काही कळलं नव्हतं, पण बाई थरथरताहेत हे दिसत होतं. उठताना ढुंढिराज म्हणाला, "सांग, बंद करू का?" बाईंनी मान हलवली. "देत जा," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. बाईंनी डोळे उघडले आणि सगळ्यात आधी नर्सला, सलाईन फार जोरात चाललंय म्हणून झापलं. ढुंढिराज मात्र माघात गेला, झोपेतच.

पुढल्या वर्षी अमावास्या रविवारी आली. बाई पहाटेपासून खुर्चीत बसून होत्या. सूर्य वर आला. तोंड कोरडं राहिलं. सातच्या सुमारास कस्तुरीचा फोन आला. "आत्या, बाबांना पाणी दिलं मी. लोग देख रहे थे, देखने दो. तुझं नाव नाही घेतलं हां. बाबाच सांगून गेले होते, ती जिवंत आहे, तू घेऊ नकोस."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना घर फार मोठं वाटलं. जे बंद व्हावं म्हणून चाळीस वर्षं प्रार्थना केली ते बंद झालं होतं, आणि त्यांना पोरकं वाटत होतं.

मिशनच्या देवळात त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. रस बाईंनीच केला होता, मनुका उकळून, दोनदा गाळून. लहान पेलेही आदल्या संध्याकाळी त्यांनीच धुऊन, पुसून, एकेक उजेडात धरून पाहिले होते. पास्टर अनिश रांगेतून तबक घेऊन आले. बाईंनी पेला उचलला आणि प्यायल्या.

आधी मनुकांचा गोडवा आला. मग त्याच्या खालून गार, किंचित गढूळ पाणी आलं. आणि जिभेवर तीन तीळ.

सवयीनं बाईंचा हात रुमालाकडे गेला. "दीदी, ठीक हैं?" पास्टर अनिशनी हळूच विचारलं. तोंड भरलेलं होतं, बाईंनी नुसती मान डोलावली. हा हात कुणाचा, हे त्यांना ओळखता आलं नाही. सुटलेला नव्हता, एवढं कळलं. त्यांनी रुमाल घडी करून परत पिशवीत ठेवला, पाणी गिळलं, आणि तिन्ही तीळ एकेक करून चावून खाल्ले.