खुरप्याचं नाव

आष्टीतल्या साहेबराव वेल्डरच्या दुकानात, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, ट्रेडमार्कचं सर्टिफिकेट लावलंय. ते तिथं कसं आलं हे मी सांगतो. मी शेजारी, त्यात मास्तर. त्याला बोलायचा हक्क माझाच.

निंदणीनं बायकोचे गुडघे गेले म्हणून साहेबरावानं उभ्यानं चालवायचं खुरपं केलं. लांब दांडा, दुधारी पातं. ढकललं तरी कापतं, ओढलं तरी कापतं. सात वेळा तिनं ते कपाशीत चालवून परत आणून टाकलं. "पात्याची मान अजून वाकवा जरा." आठव्यांदा मात्र ती दिवस मावळताना परतली आणि ताठ चालत आली.

मग काय, मागेल त्या बाईला हा देत सुटला. मी म्हणालो, "अरे, आधी पेटंटचं बघ!" पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढे बाजारात विकायला लागला. बायकोचं नाव बेबीनंदा, म्हणून बाया 'बेबीचं खुरपं' म्हणायच्या, मग सरळ "एक बेबीनंदा द्या" म्हणू लागल्या. साहेबराव तेवढा मान खाली घालून "खुरपं" म्हणायचा. वीस वर्षांच्या संसारात बायकोचं नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्याच्यासाठी ती 'पायलची माय'.

मागच्या वर्षी एका व्यापाऱ्यानं पातळ पत्र्याची नक्कल त्याच नावानं काढली. पातं चार दिवसांत मुडपायचं आणि बाया भांडायला साहेबरावाकडे. एक म्हणाली, "तुमच्या बेबीनंदात आता दम न्हाई राह्यला." गडी दोन दिवस नीट जेवला नाही. शेवटी मी नवराबायकोला शहरात, पेटंटचं काम बघणाऱ्या संध्याताईंकडे नेलं.

"अर्जाआधी कुणाला दाखवलं होतं का?"

"कुणाला न्हाई दाखवलं ते इचारा, ताई! दोन वर्षं झाली, बाजारात इकून राह्यलो."

ताईंनी पेन खाली ठेवलं. आधीच जगजाहीर झालेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही, म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. "बोललो नव्हतो मी?"

"गुर्जी, बायांच्या कमरा दुखत व्हत्या. लपवून काय करू मंग?"



ताई म्हणाल्या, "नाव नोंदवता येईल, ट्रेडमार्क म्हणून. मग त्या नावानं दुसऱ्याला विकता येणार नाही. आणि तिथं जितका जुना वापर तितकं चांगलं." म्हणजे ज्या उदारपणानं पेटंट घालवलं, तोच आता साक्षीला उभा राहणार होता. बाजारातले तारखेसकट फोटो पायलच्या मोबाइलमध्ये होतेच.

"बोला, काय नाव लिहू?"

"खुरपं," साहेबराव म्हणाला.

"ते लिहिलं. खुरप्याचं नाव?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी त्याची फार माया आली.

"बेबीनंदा," तो हळूच म्हणाला.

"ओ," शेजारून ती म्हणाली.